शीचांग उपग्रह प्रक्षेपण केंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘चीनने शीचांगहून उपग्रह सोडला’ एवढी एक ओळ बातमीत येते. पाठोपाठ कुठल्यातरी खेड्यात रॉकेटचा तुकडा कोसळून तांबूस धूर निघत असल्याचा व्हिडिओ फिरतो. या दोहोंच्या मध्ये काय घडते, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरांचे मूळ एकच आहे : ही जागा उपग्रहांसाठी निवडलेलीच नव्हती.

हे केंद्र नेमके कुठे आहे?

नैर्ऋत्य चीनमध्ये, सिच्वान प्रांताच्या ल्यांगशान या यी लोकांच्या स्वायत्त प्रभागात. नाव शीचांग शहराचे असले, तरी प्रक्षेपणस्थळ शहरात नाही. ते शहराच्या वायव्येला सुमारे ६० किलोमीटरवर, म्यानिंग तालुक्यातल्या एका अरुंद दरीत आहे. उत्तर अक्षांश २८.२ अंश, पूर्व रेखांश १०२ अंश, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,८०० मीटर. मुख्यालय शीचांग शहरात आहे आणि दरीत रॉकेट उडवण्याचे मंच, तपासणीच्या इमारती, इंधनाच्या टाक्या नि नियंत्रणकक्ष आहेत. दरीत शेती होते, वस्तीही आहे. सुरक्षेचा विचार करताना ही गोष्ट सारखी आडवी येते.

समुद्रकिनारा सोडून डोंगरात का बांधले?

युद्धाच्या भीतीने. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या झेनबाओ बेटावर चिनी आणि सोव्हिएत सैन्यात चकमकी झाल्या. त्याआधीपासूनच चीन महत्त्वाचे कारखाने आणि संशोधनसंस्था किनाऱ्यापासून व उत्तर सीमेपासून दूर, डोंगराळ मुलखात हलवत होता. जुने प्रक्षेपणस्थळ जिउच्वान गोबी वाळवंटात, मंगोलियाच्या सीमेजवळ, म्हणजे सोव्हिएत माऱ्याच्या टप्प्यात. नवी जागा आत, डोंगराआड आणि शक्य तितकी दक्षिणेला हवी होती. १ जुलै १९७० रोजी छंगतू–खुन्मिंग रेल्वे सुरू झाली. ती याच भागातून जाते, त्यामुळे अवजड सामान पोहोचवण्याचा प्रश्न सुटला.

तेव्हा डोळ्यांसमोर होती ‘शुगुआंग’ ही माणसाला अंतराळात पाठवण्याची योजना. दूरसंचार उपग्रहांचा नंबर पुढे लागला.

मग पहिले उड्डाण १९८४ पर्यंत का लांबले?

शुगुआंग योजना पैसा आणि राजकीय पाठबळ यांअभावी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुंडाळली गेली. बांधकाम रखडले. भूस्थिर कक्षेत, म्हणजे जमिनीवरून उपग्रह एकाच जागी थांबलेला दिसतो अशा कक्षेत, स्वतःचा दूरसंचार उपग्रह ठेवायचा असे ठरल्यावर शीचांगला पुन्हा जीव आला. त्यासाठी लाँग मार्च-३ हे रॉकेट तयार झाले. त्याचा तिसरा टप्पा द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारा होता आणि त्याचे इंजिन अंतराळात दुसऱ्यांदा पेटवावे लागे.

२९ जानेवारी १९८४ च्या पहिल्या उड्डाणात नेमके हे दुसरे प्रज्वलन फसले आणि उपग्रह खालच्या कक्षेत अडकला. सव्वादोन महिन्यांनी, ८ एप्रिल १९८४ रोजी, दुसरे उड्डाण जमले आणि दोंगफांगहोंग-२ हा चीनचा पहिला भूस्थिर उपग्रह वर गेला.

७ एप्रिल १९९० च्या उड्डाणाचा आपल्या घरांशीही संबंध आहे. त्या दिवशी शीचांगहून गेलेल्या एशियासॅट-१ वरूनच स्टार टीव्ही आणि १९९२ पासून झी टीव्ही भारतात दिसू लागले. केबलवाल्यांच्या गच्चीवरच्या मोठ्या डिश याच उपग्रहाकडे तोंड करून उभ्या असत. हा उपग्रह मूळचा वेस्टार-६. १९८४ मध्ये तो चुकीच्या कक्षेत गेला, अमेरिकी स्पेस शटलने त्याला परत आणले आणि पुढे तो विकला गेला.

मंच किती आहेत?

मोठ्या रॉकेटांसाठी दोन, एकमेकांपासून साधारण एक किलोमीटरवर.

तीन क्रमांकाचा मंच सर्वांत जुना. १९८४ ची उड्डाणे तिथूनच झाली. चांद्रमोहिमेआधी जुना मनोरा पाडून तो नव्याने उभारला, आणि २४ ऑक्टोबर २००७ रोजी चांगए-१ तिथूनच गेले.

दोन क्रमांकाचा मंच परदेशी गिऱ्हाइकांसाठी घाईने बांधला. १६ जुलै १९९० रोजी लाँग मार्च-२ई चे पहिले उड्डाण इथून झाले. त्यातच पाकिस्तानचा पहिला उपग्रह बद्र-१ होता. या मंचाला दोन मनोरे आहेत. एक जागेवर पक्का : त्यावरून विजेच्या तारा, इंधनाच्या नळ्या आणि उपग्रहाला थंड ठेवणारी हवा रॉकेटपर्यंत येते. दुसरा सुमारे ९० मीटर उंच, रुळांवर सरकणारा : तो रॉकेटला कवेत घेतो, माणसे त्याच्या मजल्यांवर उभी राहून काम करतात आणि उड्डाणाआधी काही तास तो मागे ओढला जातो.

छोट्या घनइंधनी रॉकेटांना हा थाट लागत नाही. ती चाकांच्या वाहनावरून उडतात.

रॉकेट तिथवर नेतात कसे?

रेल्वेने, तुकड्यातुकड्यांत. आणि रॉकेटची जाडी ठरवणारा मुद्दा हाच आहे. चिनी रेल्वेच्या बोगद्यांतून आणि वळणांतून जाऊ शकणारा सर्वांत जाड नळकांडा ३.३५ मीटर व्यासाचा. म्हणून लाँग मार्च-३बी चा पहिला आणि दुसरा टप्पा बरोबर ३.३५ मीटरचा, तिसरा ३ मीटरचा, बाजूचे चार बूस्टर (जोर वाढवणारी छोटी जोडरॉकेटे) प्रत्येकी २.२५ मीटरचे. जास्त ताकद हवी तर जाडी वाढवता येत नाही. एकतर लांबी वाढवायची, नाहीतर बाजूला बूस्टर बांधायचे. ३बी या नाजूक, उंच रॉकेटची ठेवण अशी घडली आहे.

लाँग मार्च-५ चा गाभा ५ मीटर व्यासाचा. तो शीचांगला कधीच येऊ शकत नाही. तो जहाजाने हायनान बेटावरच्या वेनचांगला जातो.

उपग्रह मात्र विमानाने येतो. शीचांगच्या छिंगशान विमानतळाची धावपट्टी ३,६०० मीटर लांब आहे. बोइंग ७४७ आणि आन्तोनोव-१२४ सारखी मालवाहू विमाने तिथे उतरतात. तिथून पुढे रस्त्याने, वातानुकूलित पेटीत, अगदी सावकाश.

रॉकेट आल्यापासून उड्डाणापर्यंत काय काय होते?

पूर्वी एका मोहिमेला सुमारे दोन महिने लागत. बेइदोउ या चीनच्या जीपीएससारख्या जाळ्यातल्या उपग्रहांची रांग लागल्यावर हा काळ तीन-चार आठवड्यांपर्यंत आला. लाँग मार्च-३बी चा क्रम ढोबळमानाने असा :

टप्पे आधी तांत्रिक केंद्राच्या इमारतीत आडवे ठेवून तपासतात : विद्युतजोडण्या, झडपा, टाक्यांची गळतीचाचणी, दिशादर्शन यंत्रणा. मग एकेक टप्पा मंचावर नेऊन क्रेनने उभा करतात. खाली पहिला टप्पा, त्याला बूस्टर, वर दुसरा, मग तिसरा. दरीत वारा सहसा मंद असतो, तरी टप्पा क्रेनला लटकत असताना वाऱ्याकडे डोळा ठेवावाच लागतो.

उपग्रह वेगळ्या स्वच्छ इमारतीत तयार होतो. त्याच्या स्वतःच्या टाक्या भरण्याचे काम आणखी वेगळ्या, धोक्याच्या कामांसाठी बांधलेल्या इमारतीत होते. मग दोन पर्याय असतात. एकतर उपग्रह त्या इमारतीतच नाकाच्या आवरणात बंद करून अख्खा नग मंचावर न्यायचा, किंवा उपग्रह आधी रॉकेटवर चढवून आवरणाचे दोन अर्धे मंचावरच मिटायचे.

त्यानंतर संपूर्ण रॉकेटच्या एकत्रित चाचण्या होतात. खोटी उलटगणती लावून, सगळ्या यंत्रणा चालू करून, प्रज्वलनाचा क्षण सोडून सारे करून पाहतात.

इंधन भरायला घेतात ते शेवटी. पहिला टप्पा, दुसरा टप्पा आणि बूस्टर यांचे साठवण्याजोगे इंधन आधी भरले जाते. तिसऱ्या टप्प्याचे द्रव हायड्रोजन (उणे २५३ अंश सेल्सियस) आणि द्रव ऑक्सिजन (उणे १८३ अंश) उड्डाणाच्या दिवशी, काही तास आधी. ते सतत उकळून उडत असते, म्हणून शेवटपर्यंत भर घालत राहावी लागते. उड्डाण दिवसभराने लांबले तर हे अतिथंड इंधन काढून टाकी रिकामी करतात. खालच्या टप्प्यांचे तसेच ठेवता येते.

किती आणि कोणते इंधन लागते?

लाँग मार्च-३बी च्या सुधारित आवृत्तीचे आकडे सुमाराने असे आहेत : चार बूस्टरांत प्रत्येकी ४१ टन, पहिल्या टप्प्यात १८६ टन, दुसऱ्यात ४९ टन. म्हणजे सुमारे ४०० टन विषारी इंधन. त्यावर तिसऱ्या टप्प्यात १८ टन हायड्रोजन-ऑक्सिजन. भरलेले रॉकेट सुमारे ४५६ टनांचे. भूस्थिर कक्षेकडे नेणाऱ्या लांबट हस्तांतर कक्षेत ते साधारण साडेपाच टन पोहोचवते.

विषारी जोडी म्हणजे यूडीएमएच हे हायड्राझीन वर्गातले इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ. दोन्ही एकमेकांना भिडली की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही.

इतके घातक आहे, तर वापरतातच कशाला?

कारण ही रॉकेटे क्षेपणास्त्रांच्या कुळातली आहेत. महिनोन्‌महिने टाकीत राहणारे, हुकूम मिळताच पेटणारे इंधन सैन्याला हवे होते. दोन-तीन दशके तेच इंजिन सुधारत गेल्यावर ते इतके विश्वासार्ह झाले की सोडणे महाग पडते. साधी झडप, साधी सुरुवात, प्रज्वलनाची भानगड नाही. काम करणाऱ्या अभियंत्याला हे आवडते. खाली राहणाऱ्या माणसाला त्यात आवडण्यासारखे काही नाही.

गळती झाली तर काय होते?

नायट्रोजन टेट्रॉक्साइड २१ अंश सेल्सियसलाच उकळते. म्हणजे शीचांगच्या साध्या उबदार दुपारीही गळलेला द्रव लगेच तांबूस-तपकिरी वाफ होतो. ही वाफ हवेहून जड असते, म्हणून खोलगट जागेत साचते, आणि दरी म्हणजे खोलगट जागाच. पाण्याशी तिचे आम्ल बनते, फुप्फुसातल्या ओलाव्याशीही. त्रास काही तासांनी उफाळतो, म्हणून ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्या माणसालाही देखरेखीखाली ठेवतात. यूडीएमएचला सडक्या मासळीसारखा अमोनियाचा वास येतो. ते कातडीतूनही शरीरात शिरते आणि कर्करोगकारक मानले जाते.

त्यामुळे भरणी करणारी माणसे डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात, स्वतंत्र हवेच्या सिलिंडरसह काम करतात. इंधन आणि ऑक्सिडायझर कधीच एका वेळी भरत नाहीत. एकाची भरणी संपून नळ्या मोकळ्या झाल्या की मगच दुसऱ्याची.

मंचावरच रॉकेट अडकले असे कधी झाले का?

झाले, आणि तेही थेट प्रक्षेपण चालू असताना. २२ मार्च १९९२ रोजी लाँग मार्च-२ई ऑस्ट्रेलियाचा ऑप्टस बी-१ घेऊन उभे होते. इंजिने पेटली, पण सगळी नाही, आणि यंत्रणेने उड्डाण तोडले. रॉकेट भरलेले, तापलेले, मंचावर उभे. आत जाऊन ते सुरक्षित करण्याचे काम माणसांनाच करावे लागले. विषारी वाफेत उतरून जोडण्या सोडवल्या, उपग्रह वाचवला. तपासात सापडले : क्रमनियंत्रक विद्युतपेटीतल्या एका स्पर्शबिंदूत अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा कण, वजन सुमारे ०.१५ मिलिग्रॅम. १४ ऑगस्ट १९९२ रोजी दुसऱ्या रॉकेटवरून तोच उपग्रह व्यवस्थित गेला.

तिथे ‘अनावश्यक कण’ हा शब्द आजही इतक्या गांभीर्याने का घेतात, ते यावरून कळावे.

१९९६ चा अपघात नेमका काय होता?

१५ फेब्रुवारी १९९६, पहाटे तीन. लाँग मार्च-३बी चे पहिलेच उड्डाण, वर इंटेलसॅट ७०८ हा दूरसंचार उपग्रह. मंच सोडल्यावर दोनच सेकंदांत रॉकेट झुकू लागले. सरळ वर जाण्याऐवजी ते आडवे होत गेले आणि सुमारे २२ सेकंदांनी, मंचापासून दोन किलोमीटरच्या आत, डोंगरउतारावर आदळले. जवळजवळ सगळे इंधन टाकीतच होते. स्फोटाच्या धक्क्याने शेजारच्या वस्तीतली घरे जमीनदोस्त झाली. अधिकृत आकडा ६ मृत आणि ५७ जखमी. तिथे हजर असलेल्या परदेशी तंत्रज्ञांपैकी काहींना आणि पाश्चात्त्य अभ्यासकांना हा आकडा कमी वाटला, आणि तो वाद मिटलेला नाही.

कारण होते दिशादर्शन मंचात. रॉकेटच्या पोटात जायरोस्कोपांवर तोललेला एक छोटा मंच असतो. रॉकेट कितीही हलो, तो अवकाशातली आपली दिशा सोडत नाही. त्याला जागेवर ठेवणाऱ्या विद्युतमंडलातील एका घटकात सोने आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा सूक्ष्म सांधा सुटला. मंच स्वतःच कलंडला. संगणकाला वाटले रॉकेट कलले आहे, आणि ‘दुरुस्ती’ म्हणून त्याने चांगले सरळ जाणारे रॉकेट खरोखरच कलवले. नियंत्रणप्रणाली आपले काम चोख करत होती, माहितीच खोटी होती.

याचा राजकीय परिणाम अपघाताहून लांबला. अपघाताच्या चौकशीत अमेरिकी कंपन्यांनी चिनी अभियंत्यांना सांगितलेल्या तांत्रिक गोष्टींवरून अमेरिकेत गदारोळ झाला. १९९९ मध्ये उपग्रह शस्त्रास्त्रांच्या निर्यातयादीत टाकले गेले, आणि २००२ मध्ये तो उपग्रह बनवणाऱ्या लोरल कंपनीने दंडासह २ कोटी डॉलरची तडजोड केली. परिणामी शीचांगचा परदेशी धंदा जवळजवळ आटला. पुढे अमेरिकी भाग नसलेले युरोपीय बनावटीचे उपग्रह काही वर्षे आले.

३बी मात्र सुधारले. २० ऑगस्ट १९९७ रोजी त्याने फिलिपाइन्सचा अगिला-२ कक्षेत नेला आणि पुढे ते केंद्राचे बिनीचे रॉकेट बनले. अधूनमधून ते अजूनही दगा देते : ९ एप्रिल २०२० रोजी तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन इंडोनेशियाचा पलापा-एन१ गमावला.

आता उड्डाणावेळी लोकांना हलवतात का?

हो. उदाहरणार्थ, चांगए-१ च्या वेळी मंचापासून अडीच किलोमीटरच्या आतल्या सुमारे २,००० रहिवाशांना उड्डाणाआधी बाहेर काढले होते. त्यापलीकडे राहणाऱ्यांना घराबाहेर, मोकळ्यावर यायला सांगतात. धक्क्याच्या लाटेत माणूस दगावतो तो बहुधा भिंत आणि छप्पर अंगावर येऊन, हा यामागचा हिशेब.

हवामानाचे नियम काय असतात?

३बी साठी ठरलेल्या अटींतल्या मुख्य अशा : जमिनीलगतचा सरासरी वारा सेकंदाला १० मीटरहून कमी, दृश्यमानता २० किलोमीटरहून जास्त, ४० किलोमीटरच्या परिसरात वीज-गडगडाट नाही. याशिवाय वरच्या थरांतल्या वाऱ्याने रॉकेटवर येणारा वाकवणारा ताण मर्यादेत हवा. फुगे सोडून वारा मोजतात आणि त्या आकड्यांवरून ताण काढतात.

ऑक्टोबर ते मे हे कोरडे महिने सोयीचे. जून ते सप्टेंबर पाऊस आणि विजांचे. मंचाभोवती वीज झेलणारे उंच मनोरे आहेत, पण उडत्या रॉकेटला ते वाचवू शकत नाहीत. पावसाळ्यातली उड्डाणे म्हणूनच बऱ्याचदा ढगांतल्या फटीकडे पाहत बसण्याची असतात.

इतक्या उत्तरेला असल्याचा तोटा होतो का?

होतो, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा फुकट मिळणारा वेग विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर, वेनचांगला सुमारे ४३८, शीचांगला ४१०, जिउच्वानला ३५०. शिवाय भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या पातळीत असते, म्हणून कक्षेचा २८ अंशांचा कल उपग्रहाला स्वतःचे इंधन जाळून घालवावा लागतो. त्यात त्याची काही वर्षांची आयुर्मर्यादा खर्ची पडते.

पण अमेरिकेचे केप कॅनाव्हरल २८.५ अंशांवर आहे, म्हणजे शीचांगच्याच रांगेत, आणि तिथून जगभरचे भूस्थिर उपग्रह जातात. केपच्या पूर्वेला अटलांटिक आहे, शीचांगच्या पूर्वेला क्वीचौ, हूनान आणि च्यांग्शी हे प्रांत. शीचांगला खरी अडचण होते ती पूर्वेकडच्या या वस्तीची. अक्षांशाला फार दोष देऊ नये.

सुटे झालेले टप्पे कुठे पडतात?

भूस्थिर उपग्रहासाठी रॉकेट जवळजवळ पूर्वेला, ९७.५ अंशांच्या दिशेने निघते. बूस्टर सुमारे १४० सेकंदांनी सुटतात, पहिला टप्पा त्यानंतर वीसेक सेकंदांनी. ते मंचापासून काहीशे किलोमीटरवर, प्रामुख्याने क्वीचौच्या डोंगरांत येतात. नाकाचे आवरण हवा विरळ झाल्यावर सुटते, म्हणून आणखी पुढे जाते. च्यांग्शीतल्या सुईच्वान तालुक्यात असे तुकडे मिळालेले आहेत. बेइदोउचे मध्यम उंचीचे उपग्रह नेताना दिशा आग्नेयेची असते, मग पाळी क्वांग्शीची. १२ जानेवारी २०१८ रोजी तिथल्या थ्येनदंग तालुक्यात बूस्टर वस्तीजवळ पडून पेटला. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी एका बूस्टरने घर उद्ध्वस्त केले. २२ जून २०२४ रोजी लाँग मार्च-२सी ने चीन-फ्रान्सचा एसव्हीओएम उपग्रह नेला, तेव्हा त्याचा पहिला टप्पा तांबूस धूर सोडत क्वीचौतल्या गावाजवळ कोसळताना लोकांनी मोबाइलवर टिपला.

धूर निघतो कारण टाक्या कधीच पूर्ण रिकाम्या होत नाहीत. तळाशी उरलेला काही अंश जमिनीवर आदळताच बाहेर येतो.

त्यावर उपाय काय करतात?

पडण्याचे पट्टे आधी आखलेले असतात. उड्डाणापूर्वी तिथल्या गावांना सूचना जाते, लोकांना मोकळ्या जागी काढतात, तुकड्यापासून लांब राहायला आणि वास घेऊ नका म्हणून बजावतात. मागून पथक येऊन अवशेष नेते.

तांत्रिक उपाय दोन दिशांनी चालू आहेत. २६ जुलै २०१९ रोजी शीचांगहून उडालेल्या लाँग मार्च-२सी च्या पहिल्या टप्प्याला जाळीदार पंख लावून त्याची पडण्याची जागा नियंत्रित करून पाहिली. ३बी च्या बूस्टरांवर दिशा देता येणाऱ्या हवाईछत्रीचे प्रयोग झाले. दोन्हींमुळे पट्टा आक्रसतो, म्हणजे कमी लोकांना हलवावे लागते. इंधन मात्र तेच राहते. विष जायचे तर रॉकेटच बदलावे लागेल.

चंद्रपूर जिल्ह्यात पडलेली कडी इथल्याच रॉकेटची होती का?

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात आकाशात जळत जाणारे गोळे दिसले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी सापडली, आणि त्याच तालुक्यात पवनपारला धातूचा गोळा. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हा लाँग मार्च-३बी वाय७७ या रॉकेटचा तिसरा टप्पा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते शीचांगहून उडाले होते. कडीचा व्यास तिसऱ्या टप्प्याच्या ३ मीटरशी जुळतो.

हा टप्पा चौदा महिने वर काय करत होता? उपग्रह सोडल्यावर तिसरा टप्पा त्याच लांबट कक्षेत फिरत राहतो : एक टोक सुमारे ३६,००० किलोमीटरवर, दुसरे काहीशे किलोमीटरवर. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाला विरळ हवेचा किंचित अडथळा होतो आणि वरचे टोक थोडे खाली येते. शेवटी कक्षा गोल होत जाते आणि टप्पा कुठेही पडू शकतो. ठिकाण कोणी निवडत नाही. गोळे म्हणजे दाबाखालचा वायू साठवणाऱ्या टाक्या. त्या जाड आणि गोल असतात, म्हणून हवेत जळून जात नाहीत. पुढच्याच महिन्यात गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही असे गोळे पडले.

असे काही सापडले तर हात लावू नका, लोटू नका, घरी नेऊ नका. तिसऱ्या टप्प्याचे मुख्य इंधन निरुपद्रवी असले तरी त्याच्या छोट्या दिशानियंत्रक इंजिनांत हायड्राझीन असते. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा आणि पोलिसांना किंवा तहसील कार्यालयाला कळवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशाची असते, चूक सिद्ध करावी लागत नाही.

हे केंद्र सैन्याचे आहे का?

हो, ते चिनी सैन्याच्या अखत्यारीत आहे. २०२४ मध्ये व्यूहात्मक सहायक दल विसर्जित झाले आणि अशी केंद्रे नव्या अंतराळ दलाकडे गेली. ११ जानेवारी २००७ रोजी फंगयुन-१सी हा चीनचाच जुना हवामान उपग्रह सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर उडवणारे क्षेपणास्त्र शीचांग परिसरातूनच सुटले होते. त्याचे मागोवा घेता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्यातले बरेच अजून फिरत आहेत.

वेनचांग झाल्यावर शीचांगची गरज काय?

वेनचांग २०१६ पासून चालू आहे आणि कारभाराच्या दृष्टीने ते शीचांग केंद्राचाच भाग आहे. समुद्र समोर, व्यासाचे बंधन नाही, रॉकेलवर चालणारी नवी रॉकेटे. कागदावर शीचांगने तेव्हाच निवृत्त व्हायला हवे होते. पण ३बी चे कारखाने, भरणीची यंत्रणा, तरबेज माणसे आणि शीचांग, यीपिन, क्वीयांग अशी मार्गावरची माग ठेवणारी केंद्रे सगळी तयार आहेत. बेइदोउचे सगळे उपग्रह इथूनच गेले, २३ जून २०२० चा जागतिक जाळे पूर्ण करणारा उपग्रहही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलेले चांगए-४ सुद्धा ८ डिसेंबर २०१८ रोजी इथूनच गेले. वेनचांगचे लाँग मार्च-७ए जसजसे ३बी चे काम उचलेल तसतसा भार हलेल. एका रात्रीत नाही.

श्रीहरिकोट्यालाही हेच इंधन वापरतात ना?

वापरतात. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातले विकास इंजिन हायड्राझीन वर्गातल्या इंधनावर आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडवरच चालते. भरणीतले धोके तेच. पण वापरून झालेला टप्पा समुद्रात जातो, कुणाच्या शेतात नाही. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते : ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेला जाताना श्रीलंका वाचवायला पीएसएलव्हीला वळण घ्यावे लागते आणि वाहून नेण्याचे वजन घटते.

पुढचे उड्डाण कधी, हे आधी कसे ओळखायचे?

अधिकृत घोषणा बऱ्याचदा ऐनवेळी होते, लष्करी उपग्रह असेल तर उड्डाणानंतरच. पण विमानांसाठीच्या सूचना, म्हणजे नोटॅम, काही दिवस आधी निघतात. त्यात चीनच्या हद्दीत तात्पुरते बंद केलेले हवाई चौकोन अक्षांश-रेखांशांसह असतात. ते नकाशावर मांडून एका रेषेत येतात का पाहा. रेषा मागे वाढवल्यावर १०२ अंश रेखांश, २८.२ अंश अक्षांशाला पोहोचली तर उड्डाण शीचांगचे. चौकोन क्वीचौ आणि त्याच्या थेट पूर्वेला असतील तर भूस्थिर कक्षेची शक्यता जास्त, क्वांग्शीकडे असतील तर मध्यम कक्षेची. बंदीची वेळ जागतिक वेळेत दिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते. चिनी बातम्यांतल्या बीजिंग वेळेतून मात्र अडीच तास वजा करायचे. चौकोन अचानक रद्द झाले तर उड्डाण पुढे गेले असे समजा आणि नव्या सूचनेची वाट पाहा.